आपल्या तिकिटाचे ४३ टक्के कोण भरतं?

देशपांडे काका (ए-००२): परवा नागपूरहून आलो. तिकिटावर खाली काय छापलंय बघा, फोटो टाकलाय. भाड्याचा ४३ टक्के भार म्हणे देशातले सामान्य नागरिक उचलतात. म्हणजे पैसे मोजायचे आणि वर उपकारही घ्यायचे. पण हे खरं असेल तर देशाला परवडणार कसं?

रोहन (बी-७०१): काका, २०१६ पासून छापतायत ते. आता तर आकडा वाढलाय. डिसेंबर २०२४ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितलं, १०० रुपयांचा प्रवास आम्ही ५४ ला देतो. वर्षाची बेरीज ५६,९९३ कोटी. कधीतरी भाडं वाढवावंच लागेल ना?

सावंत मामा (बी-२०४): ४६ टक्के सूट कुठल्या खिडकीवर मिळते तेवढं सांग रे, मी पण रांगेत उभा राहतो. आमच्या कोकण रेल्वेवर अंतरच ४० टक्के वाढवून धरतात. गाडी धावते १०० किलोमीटर, भाडं १४० चं. का, तर लाईन कर्ज काढून, रोखे विकून बांधली. १९९८ ला पूर्ण झाली, पण सरचार्ज काय हटत नाही. एवढे भरूनही गणपतीला संडासाच्या दारात बॅगेवर बसून जायचं.

पाटील (सेक्रेटरी): सर्वांना विनंती, हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. उद्या १० ते २ पाणी बंद.

देशपांडे काका (ए-००२): पाण्याचं वाचलं. रोहन, वाढवा ना भाडं. मी कुठे नाही म्हणतो? फक्त आमची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० ला करोनाच्या नावाखाली काढली, ती परत द्या. पुरुषांना ४० टक्के होती, बायकांना ५०.

रोहन (बी-७०१): काका, सबसिडी बंद करा आणि माझी चालू ठेवा, असं झालं हे 😀

स्नेहा (बी-६०३): आत्ता घरी पोचले, सगळं वाचलं. जरा लांबलचक लिहितेय, नको असेल तर सोडून द्या.

लोकलच्या पासचा हिशोब असा की साधारण पंधरा सिंगल तिकिटांच्या भावात महिनाभर जा-ये. स्वस्त आहे, कबूल. २०१४ ला पंधराचे तीस करायचं ठरलं होतं, म्हणजे पास थेट दुप्पट. मुंबईतले खासदार दिल्लीला धावले आणि सेकंड क्लासचा निर्णय आठवड्याच्या आत फिरवला. तेव्हापासून कुठलंही सरकार लोकलच्या भाड्याला हात लावत नाही. जुलै २०२५ ला लांबच्या गाड्यांचं भाडं वाढलं, लोकल आणि पास वगळले.

पण त्या स्वस्तात काय मिळतं तेही बघा. सकाळची फास्ट डोंबिवलीला येते तीच भरून. हात एकदा वर कडीला गेला की दादरपर्यंत खाली येत नाही, टीसीने पास मागितला तर पर्स शेजारणीने उघडायची. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं, त्याला रेल्वेनेच 'सुपर डेन्स क्रश लोड' असं नाव दिलंय. शेळ्यामेंढ्यांच्या वाहतुकीलासुद्धा नियम आहेत हो.

आता फायदा कोणाचा? माझं ऑफिस बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. मी बीकेसीत राहू शकत नाही, माझे साहेबही नाहीत राहू शकत. लोकल नसती तर कंपनीला मला एक तर तिथलं भाडं परवडेल एवढा पगार द्यावा लागला असता, नाही तर ऑफिस डोंबिवलीत आणावं लागलं असतं. माझ्या पासवरची सबसिडी माझ्या हातातून मालकाच्या खिशात जाते. तिथल्या जागांचे भाव चढतात तेही आम्ही रोज वेळेवर पोचतो म्हणून. तिकिटावर मात्र नाव आमचं.

माझा मावसभाऊ पॅरिसला असतो. तिथे कंपन्यांकडून पगाराच्या रकमेवर वाहतुकीचा कर घेतात, शिवाय कर्मचाऱ्याच्या पासाचे निदान निम्मे पैसे कंपनीने द्यायचे असा कायदा आहे. इथे हे कोणी बोलतसुद्धा नाही.

आणि गाडीवाल्यांचं? कोस्टल रोडला जवळपास १४,००० कोटी गेले महापालिकेचे. टोल शून्य, दुचाकीला बंदी. ऑक्टोबर २०२४ ला मुंबईच्या पाचही नाक्यांवर कारचा टोल माफ झाला. कोणाच्या काचेवर छापलं का, की तुमचा भार सामान्य नागरिक उचलतात म्हणून?

सावंत मामा (बी-२०४): शंभर टक्के बरोबर. (चाळीस नव्हे.)

रोहन (बी-७०१): टोलचा टोमणा पोचला. पण एक सांग, ही सबसिडी नेमकी येते कुठून? बरीचशी मालगाडीतून. कोळसा, सिमेंट, लोखंड यांच्यावर जास्त भाडं लावून पॅसेंजरचा खड्डा भरतात. मग माल ट्रकवर जातो आणि कोळशाचं भाडं आपल्याच विजेच्या बिलात येऊन बसतं. गडचिरोलीतल्या माणसाने विजेच्या बिलातून डोंबिवलीचा पास का भरायचा?

जाधव सर (सी-३०१): रोहनचा हा मुद्दा मला पटतो. २०१७ पासून रेल्वेचं बजेट मुख्य बजेटमध्येच आहे, मग तोटा तिथूनच उघडपणे द्यावा. पण तोटा आहे म्हणून गाडीच नको, असं म्हणू नका. मी बीडचा. अहिल्यानगर-बीड-परळी २६१ किलोमीटरची लाईन, निम्मा खर्च राज्याचा. बीडला गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला. वडील वाट बघत गेले. आधी नफा दाखवा म्हणाले असते तर माझ्या नातवालाही दिसली नसती.

स्नेहा (बी-६०३): रोहन, गडचिरोलीचं म्हणणं खरंच आहे. म्हणूनच म्हणते, त्याच्याकडून नको, बीकेसीतल्या कंपन्यांकडून घ्या. आणि न वापरणाऱ्याने का भरायचं म्हणशील तर देशपांडे काका तळमजल्यावर राहून लिफ्टचा खर्च भरतातच की. उपविधीच तसा आहे, वापरा न वापरा, सगळ्यांना सारखा.

देशपांडे काका (ए-००२): तेच तर मी दर एजीएमला बोलतो!! मिनिट्समध्ये एकदाही आलं नाही.

पाटील (सेक्रेटरी): काका, उपविधी मी केलेला नाही.

रोहन (बी-७०१): मी सातव्या मजल्यावर, काका. मनःपूर्वक आभार.

देशपांडे काका (ए-००२): आभार नकोत. मेंटेनन्सच्या बिलावर छापा, रोहनच्या लिफ्टचा भार सामान्य तळमजलेवाले उचलतात.

जाधव सर (सी-३०१): 😀 स्नेहा, तू लिहिलंस ते खासदारांना पत्र म्हणून जाऊ दे. पंधरा डब्यांच्या गाड्या वाढवा, हेही टाक. कंपन्यांवरच्या कराचा वेगळा परिच्छेद कर, नाही तर वाचणार नाहीत. मी सही करतो.

रोहन (बी-७०१): मालगाडीचा मुद्दा घेतलास तर मीही करतो.

पाटील (सेक्रेटरी): सोसायटीच्या लेटरहेडवर नको, कमिटीत ठराव झालेला नाही. वैयक्तिक द्या.

सावंत मामा (बी-२०४): साध्या कागदावर द्या. आमचे ४० टक्के पहिल्या परिच्छेदात घ्या, खाली कोणी वाचत नाही.