डोळ्यातून काळी रेघ असलेला धोबी पक्षी, ऑक्युलॅरिस म्हणायचं का?

चिखलवाट: मंडळी जरा मदत हवीय. आज सकाळी तळ्याकाठी चिखलात आठ-दहा पांढरे धोबी शेपट्या हलवत किडे टिपत होते, त्यातला एक वेगळा वाटला म्हणून तासभर त्याच्यामागेच. पाठ राखाडी, चेहरा पांढरा, आणि चोचीपासून डोळ्यातून मागे मानेपर्यंत काळी रेघ, सुरमा घातल्यासारखी. पांढऱ्या धोब्याच्या ऑक्युलॅरिस या उपजातीशी जुळतंय, पण ती ईशान्य सायबेरियात वीण करते आणि हिवाळ्यात आग्नेय आशियाकडे उतरते, इतक्या पश्चिमेला कशी येईल?

दुर्बीणवाला: परसोनाटा असेल हो, मध्य आशियातून येणारी दुसरी उपजात. डोकं काळं असतं त्याचं, पिसं बदलताना असं अर्धवट दिसतं. दरवर्षी कुणीतरी फसतंच.

पाणथळ४२: रेघ चोचीपर्यंत असेल तर परसोनाटा नाही पटत. चोच आणि डोळा यांच्यामधली एवढीशी जागा बघा, परसोनाटात ती पांढरीच असते, काळं सुरू होतं ते डोळ्याच्या मागे. ल्युकॉप्सिस पण नाही, त्यात रेघच नसते, पांढऱ्या चेहऱ्यावर डोळा बटणासारखा उठून दिसतो. उरला ल्युजेन्स, जपान-कामचाटकाकडचा, त्यालाही अशीच रेघ असते. पण पूर्ण वाढलेल्या ल्युजेन्सचे पंख उडताना जवळजवळ पांढरेशुभ्र दिसतात, उडतानाचा फोटो आहे का? पहिल्या वर्षाचं पिल्लू असेल तर मात्र पंखावरून सांगणं अवघड. आणि उपजातींचं एकूणच जरा सांभाळून, साइक्सने १८३२ मध्ये आपल्या दख्खनवरून नाव दिलेली दुखुनेन्सिससुद्धा आता बरेच जण आल्बा या उपजातीतच धरतात.

चिखलवाट: उडतानाचा एक आहे, हललाय, पण पंखाची टोकं गडद दिसतायत. चोच-डोळ्यामधलं काळं स्पष्ट आहे.

पाणथळ४२: मग ऑक्युलॅरिसची बाजू भारी झाली. दोन्ही बाजूंनी रेघ आहे ना? एका बाजूला चिखल लागला तरी अशीच रेघ दिसते, माझं स्वतःचं झालंय. ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या साइटवर) टाकताना ऑक्युलॅरिस वेगळं निवडता येतं, पण रिव्ह्यूअर हाच प्रश्न विचारणार.

चिखलवाट: आत्ता सगळे १४० फोटो चाळले. सगळे डाव्या बाजूचे. उद्या पहाटे परत जातो.

दुर्बीणवाला: 😂 मी पण येतो, थांबा माझ्यासाठी.