शब्दचर्चा: फुटबॉलमधल्या 'प्रेस'ला मराठीत काय म्हणायचं? दबाव, घेराव, कोंडी?

मी तेरा वर्षांखालच्या मुलामुलींच्या टीमला फुटबॉल शिकवते. सध्या बॉल समोरच्यांकडे असताना त्यांना निवांत खेळू द्यायचं नाही, वर जाऊन बॉल परत काढून घ्यायचा, हे शिकवणं चाललंय. आता मी बाहेरून 'प्रेस करा' म्हणून ओरडले की अर्धी पोरं सुसाट बॉलकडे पळतात आणि उरलेली जागेवर उभी राहून बघत बसतात, 'दबाव टाका' म्हणून बघितलं तरी तेच. मला असा शब्द हवाय की जो ऐकल्यावर बॉलपासून लांब असलेल्या मुलीलाही कळेल की यात आपलंही काम आहे. एक शब्द पुरत नसेल तर दोन-तीन चालतील. आणि प्रेस, प्रेशर, मार्किंग, टॅकल, काउंटरप्रेस यातला फरक तुम्ही मराठीत कसा सांगता तेही लिहा प्लीज.

—

प्रेसच ठेवा की. गोल, पास, कॉर्नर, ऑफसाइड हे सगळे आपण मराठीच समजून वापरतो, त्यात अजून एक. पोरं मॅच बघतात तिथे पण हाच शब्द ऐकतात.

—

शब्द ठेवायला माझी काही हरकत नाही, पण प्रश्न त्यांना काय ऐकू जातंय याचा आहे. 'प्रेस' हा शब्द मराठी कानाला कृती सांगत नाही, बटण दाबणं नाहीतर पेपरवाले एवढंच त्यातून येतं. आणि 'दबाव'चा घोटाळा वेगळा आहे. मराठीत दबाव काय किंवा दडपण काय, ते मनावर येतं. परीक्षेचं दडपण, वरून आलेला दबाव. त्यामुळे 'दुसऱ्या हाफमध्ये संघ दबावाखाली होता' असं वाचलं की ते एका गोलने मागे होते म्हणून दबाव होता, की त्यांना बॉल पुढे काढताच येत नव्हता म्हणून, काहीच कळत नाही. आणि मुख्य म्हणजे दबाव एकटा माणूसपण टाकू शकतो. मुलं तेच करतात, एकटा धावतो, बॉलवाला एक साधा पास देतो, की आपला एक माणूस बाद.

मला विचाराल तर नेमका शब्द 'कोंडणे' आहे, नाम करायचं तर 'कोंडी'. कोंडी एकट्याने होतच नाही. कोंडी म्हटलं की लगेच प्रश्न येतो की बाहेर पडायचे रस्ते कुठले आणि ते कोण बंद करणार, आणि प्रेसिंग शिकवताना नेमकं हेच शिकवायचं असतं. बॉलकडे पळणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम, ते न शिकवता येतं.

'घेराव' मी वापरणार नाही. घेरावात चारी बाजूंनी माणसं लागतात, फुटबॉलमध्ये एवढी माणसं बॉलभोवती नेली तर मागचं मैदान मोकळं. कोंडीत एखादी बाजू आधीच बंद असते. म्हणून तर साइडलाइनजवळ कोंडायचं, रेषेपलीकडे कुणाला पास देता येत नाही, तिथे दोघा-तिघांत काम होतं. मैदानाच्या मध्यावर त्याच कामाला जास्त माणसं लागतात.

—

'अंगावर जा' हे राहिलं की. आम्ही खेळायचो तेव्हा कोच हेच ओरडायचे आणि सगळ्यांना कळायचं.

—

कळायचं, पण काय कळायचं ते बघा. अंगावर जाणं म्हणजे मराठीत भांडायला जाणं. लहान पोरं ते ऐकून खरंच अंगावर जातात, धक्का देतात नाहीतर लांबून पाय घालतात, मग फाउल. नाहीतर समोरचा बॉल जरासा सरकवतो आणि हा पुढे निघून जातो. टॅकल, म्हणजे पायातून बॉल काढून घ्यायला जाणं, हे शेवटचं काम आहे. पहिल्या माणसाचं काम आधी 'थोपवणं'. पूर आल्यावर थोपवतात, सैन्य थोपवतात, म्हणजे पुढे येणाऱ्याला तिथल्या तिथे अडवून धरणं, आणि इथे अगदी तेच हवं असतं. बॉल हवेतून किंवा जमिनीवरून त्याच्याकडे जात असतो तेवढ्यात जोरात पळून अंतर कमी करायचं, शेवटच्या दोन-तीन पावलांत वेग तोडायचा, गुडघे वाकवायचे, छाती सरळ समोर न ठेवता तिरकं उभं राहायचं आणि एकच बाजू मोकळी दाखवायची. 'थोपव' एवढं ओरडलं तरी पोरगा ब्रेक लावतो, हे मी बघितलंय. 'अंगावर जा'ने ब्रेक लागत नाही.

आणि वर विचारलंय म्हणून, मार्किंग म्हणजे माणूस धरणं. त्यात नजर माणसावर असते, कोंडीत बॉल आणि रस्त्यांवर. प्रेशर हे एकाने दुसऱ्यावर आणायचं, प्रेस हे अख्ख्या टीमने करायचं. इंग्रजीतपण हे दोन शब्द सैलपणे एकाच अर्थाने वापरले जातात, पण शिकवताना हा फरक धरून ठेवला तर फायदाच आहे.

—

कोंडी आवडला. पण मग 'ट्रिगर'ला, म्हणजे आता प्रेस सुरू करायचा हे ज्यावरून कळतं त्याला, काय? सगळीकडे प्रेसिंग ट्रिगर, प्रेसिंग ट्रिगर चालू असतं. मी 'इशारा' म्हणत होतो.

—

इशारा कोणीतरी मुद्दाम देतो. समोरची टीम आपल्याला मुद्दाम काही देत नसते. 'खूण' म्हणा. खूण वाचायची असते, पावलांच्या खुणा असतात तशी. त्याचा पहिला टच लांब गेला, ही खूण. त्याला पास मिळाला तेव्हा त्याचं तोंड स्वतःच्या गोलकडे आहे, ही खूण. पास मागे चाललाय, पास हळू आहे, बॉल टप्पा खात येतोय, सेंटरबॅकने (बचावातल्या मधल्याने) फुलबॅकला (कडेच्या बचावपटूला) साइडलाइनजवळ पास दिलाय, गोलकीपरला त्याच्या कच्च्या पायावर बॉल मिळालाय. या सगळ्यात एक गोष्ट समान आहे, त्या क्षणी बॉलवाल्याला मान वर करून पुढचं मैदान बघता येत नाही. मुलांना यादी पाठ करायला लावण्यापेक्षा हे एक वाक्य द्या, 'त्याची मान खाली गेली की निघायचं'. तेरा वर्षांखाली सुरुवातीला दोनच खुणा घ्या, मागे दिलेला पास आणि खराब टच, बाकीच्या नंतर आपोआप दिसायला लागतात.

—

कबड्डीतला 'साखळी' शब्द इथे चालेल का? चढाई करणारा आत आल्यावर कोपऱ्यातला एकटाच घाई करून पकडायला गेला तर चढाईवाला सुटतो, पण साखळीतले सगळे एका दमात हलले तर मध्यरेषेपर्यंत जायचा रस्ताच बंद होतो. मला वरचं सगळं वाचून तेच डोळ्यासमोर आलं. मुलांना फुटबॉलच्या आधी कबड्डी कळलेली असते, त्यामुळे 'साखळी तुटली' म्हटलं की कोण मागे राहिला ते त्यांचं त्यांनाच दिसेल.

—

चालेल म्हणजे काय, छानच आहे. कारण सगळ्यात जास्त चुकतं ते तिथेच. फॉरवर्ड वर जातात, मिडफिल्डर जातात, आणि बचावाची ओळ आपल्या बॉक्सजवळच थांबते. मग मधे जी मोठी मोकळी जागा तयार होते तिथेच समोरचे बॉल देतात. सगळी साखळी वर सरकली पाहिजे. अरिगो साक्की मिलानला शिकवायचे, १९८९ आणि १९९० अशी दोन वर्षं लागोपाठ युरोपियन कप घेतलेली टीम ती, त्यांचा आग्रह होता की पहिल्या फॉरवर्डपासून शेवटच्या डिफेंडरपर्यंत साधारण २५ मीटरच्या वर अंतर नको. त्याआधी १९६० च्या दशकात दिनामो कीवमध्ये विक्टर मास्लोव, मग रिनस मिशेल्स यांचं आयाक्स आणि १९७४ च्या वर्ल्डकपमधली नेदरलँड्सची टीम, मग कीवमध्येच लोबानोव्स्की, प्रत्येकाची पद्धत वेगळी पण मैदान समोरच्यासाठी लहान करायचं हा धागा सगळीकडे तोच. मिशेल्सच्या नेदरलँड्सची बचावाची ओळ एकदम वर यायची आणि समोरचे चार-चार, पाच-पाच जण ऑफसाइडमध्ये सापडायचे, ती क्लिप मुलांना नक्की दाखवा.

—

एक भर घालते. कोंडी हा शब्द आज जितका चपखल बसतो तितका पूर्वी बसला नसता, आणि त्याचं कारण नियमात आहे. १९९२ च्या आधी डिफेंडर कोंडला गेला की सरळ पायाने मागे गोलकीपरकडे द्यायचा, कीपर हातात उचलायचा, विषय संपला. म्हणजे एक दार कायम उघडंच. १९९२ पासून सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला बॉल कीपरला हातात घेता येत नाही, त्यामुळे आता कीपरलापण कोंडता येतं. मग २०१९ मध्ये गोलकिकचा नियम बदलला. आधी बॉल पेनल्टी एरियाच्या बाहेर जाईपर्यंत तो खेळात आला असं धरत नसत, आता लाथ बसून तो हलला की खेळ सुरू. म्हणून टीमा बॉक्समध्येच शॉर्ट पास घेतात आणि समोरचे बॉक्सच्या रेषेवर टपून उभे असतात. आजकाल हाय प्रेस, म्हणजे समोरच्यांच्या गोलजवळच केलेला प्रेस, एवढा दिसतो त्यात या बदलाचा चांगलाच हात आहे.

—

हाय प्रेसचं मराठी 'उच्च दबाव' असं वाचलं होतं मी एका ठिकाणी, हवामानाची बातमी वाटली. 'वरून कोंडी' म्हणा, मैदानाच्या मध्यावर थांबून केलेल्या प्रेसला 'मधून'. पोरांना कळतं.

आणि गेगेनप्रेसिंगचं, म्हणजे वर विचारलेल्या काउंटरप्रेसचं, 'प्रतिदबाव' करतात तेही मला पटत नाही. प्रतिदबाव म्हणजे त्यांनी आपल्यावर दबाव टाकला म्हणून आपण उलटा टाकला, असं वाटतं. मूळ जर्मन शब्दात 'गेगेन' म्हणजे विरुद्ध हे खरं, पण ते विरुद्ध कशाच्या, तर त्यांच्या काउंटर अ‍ॅटॅकच्या. आपला बॉल गेला, ते आता पळत सुटणार, तर ते सुटायच्या आधीच तिथल्या तिथे अडवायचं. राल्फ रांगनिक आणि युर्गेन क्लॉप या जर्मन कोचांमुळे हा शब्द जगभर गेला, क्लॉप यांच्या डॉर्टमुंडने २०११ आणि २०१२ ला बुंडेसलिगा जिंकली तेव्हापासून तर सगळ्यांच्याच तोंडी आला. क्लॉप यांनी त्यामागचं कारणही सांगितलंय, ज्याने नुकताच बॉल काढून घेतलाय त्याची नजर बॉलवर असते, त्याची ताकद टॅकलमध्ये खर्ची पडलेली असते, मैदान त्याने बघितलेलं नसतं. म्हणजे वर ज्यांनी 'मान खाली' लिहिलंय तीच गोष्ट. माझा पर्याय 'लगेच कोंडी' किंवा नुसतं 'लगेच'.

—

आकड्यांवाले पीपीडीए (पासेस पर डिफेन्सिव्ह अ‍ॅक्शन) म्हणतात त्यावरून प्रेस मोजता येतो ना? मग शब्दाचा अर्थ तिथे पक्का झालाच की.

—

पूर्ण नाही. पीपीडीएत समोरच्यांनी त्यांच्या बाजूच्या साधारण साठ टक्के मैदानात दिलेले पास मोजतात आणि त्याला त्याच भागात आपण केलेल्या टॅकल, इंटरसेप्शन, फाउल वगैरेंनी भागतात. आकडा लहान म्हणजे आपण त्यांना थोडेच पास देऊ दिले. पण एखादा खेळाडू वळसा घेऊन असा आला की त्याच्यामागचा मिडफिल्डर झाकला गेला, आणि त्यामुळे समोरच्याने वैतागून बॉल लांब मारला, तर त्या मुलाच्या नावावर काहीच मोजलं जात नाही, टॅकल नाही, इंटरसेप्शन नाही. कोंडी मात्र त्यानेच केली. मुलांना शाबासकी देताना हे लक्षात ठेवा, ज्याच्या पायात बॉल आला त्याचंच कौतुक केलंत तर पुढच्या वेळी सगळे बॉलकडेच पळतील.

या झाकण्याला इंग्रजीत सावलीवरून शब्द आहे. मराठीत 'त्याला पाठीशी घाल' मात्र चुकूनही म्हणू नका, त्याचा अर्थ सांभाळून घेणं होतो! 'मागचा झाक' म्हणा.

—

जाता जाता एक. 'बॉल जिंकणे' हल्ली फार ऐकू येतं, ते इंग्रजीवरून जसंच्या तसं उचललंय. मॅच जिंकतात, बॉल काढून घेतात, हिसकावतात, परत मिळवतात. त्यातही फरक आहे. हिसकावणं म्हणजे पायातून घेणं, अडवणं म्हणजे मधेच पास कापणं, आणि कोणाच्याच ताब्यात नसलेला बॉल आधी गाठणं याला आम्ही 'सुटा बॉल उचलणं' म्हणतो. चांगल्या कोंडीत बऱ्याचदा हिसकावायची वेळच येत नाही, समोरचा घाईत चुकीचा पास देतो आणि मागचा आपला माणूस तो अडवतो. म्हणून मागच्यांनाही सांगा की बॉल तुमच्याकडे येणार आहे.

—

खूप आभार सगळ्यांचे. थोपव, कोंडी, मागचा झाक, साखळी, एवढे शब्द मी घेतेय, काल छोट्या चौकोनात चार विरुद्ध चार खेळवताना 'मागचा झाक' वापरून पण बघितलं आणि एका मुलीने लगेच पळायची दिशा बदलली. आता अडचण 'लगेच'ची आहे. बॉल गेल्यावर सगळेच पाठलाग करतात, आणि नाही मिळाला तरी थांबत नाहीत, मग दहा मिनिटांत दमतात. किती वेळ करायचं आणि थांबायला काय ओरडायचं?

—

वेळेचं उत्तर मोठ्या टीमांकडूनच घ्या. ग्वार्डिओला यांच्या बार्सिलोनाचा पाच-सहा सेकंदांचा नियम बोलला जायचा, रांगनिक आठ सेकंद म्हणायचे. लहान मुलांना पाच पुरे, मनात पाच मोजायचे. बॉल गेला की सगळ्यात जवळचा 'गेला!' ओरडतो आणि तोच थोपवायला जातो, त्याच्या डावी-उजवीकडचे दोघं जवळचे पास बंद करतात, बाकीचे पाठलाग न करता आतल्या बाजूला आणि गोलकडे सरकतात. पाचात नाही मिळाला, किंवा त्यांनी एक पास काढून मान वर केली, तर शेवटचा डिफेंडर 'जमा' ओरडतो. 'मागे' म्हणू नका, मागे म्हटलं की पोरं पाठ करून आपल्या गोलकडे पळत सुटतात. जमा म्हटलं की जवळ येतात, तोंड बॉलकडेच राहतं.

आणि दमण्यावर एकच उपाय आहे, बॉल मिळाला की पहिला पास गर्दीच्या बाहेर. पुढे रस्ता मोकळा दिसला तर पुढे, नाहीतर लांबच्या मोकळ्या माणसाला, आणि तिथे चार पास शांतपणे फिरवायचे. धापा टाकणाऱ्या टीमला श्वास घ्यायची जागा तीच. चार विरुद्ध चारमध्ये नियम लावून बघा, बॉल काढून घेतल्यावर आधी एक पास चौकोनाच्या दुसऱ्या टोकाला, मगच गोल धरायचा. 'गेला' आणि 'जमा' दोन्ही मुलांनीच ओरडायचं, तुम्ही बाहेरून नाही.