दिवा पेटतोय, पण मागच्याला दिसतोय का? (सोसायटी ग्रुप, शुक्रवार रात्र)

ए-३०१: मंडळी, झोपायच्या आधी एक सांगतो. कुणाला नावं ठेवायची नाहीत. आज कागलहून कोल्हापूरला येताना उजळाईवाडीच्या जरा अलीकडं, भर पावसात, पुढची मोटरसायकल मला अगदी जवळ गेल्यावर दिसली. करकचून ब्रेक मारला, गाडी थोडी सरकली, शेजारी आमची सौ. ओरडली. हॉर्न मारून त्याला कडेला घ्यायला लावलं. हेल्मेट काढलं तर आपल्या बी-१०४ चे चिरंजीव! मागचा दिवा बंद नव्हता बरं का. काळ्या रेनकोटचा घोळ सीटवरून खाली लोंबत होता आणि दिवा त्याच्या आत पेटत होता. देव्हाऱ्यापुढं पडदा ओढल्यासारखा.

बी-१०४ (चिरंजीव): काका परत एकदा सॉरी. सेकंड शिफ्ट सुटली, घाईत निघालो. लाईट चालू आहे म्हणजे दिसतोय असंच वाटत होतं.

बी-१०४ वहिनी: हे घरात सांगितलंच नाही यानं. मी आत्ता इथं वाचतोय.

बी-२०२: लाल-निळा फ्लॅशर बसव भावा. लक्ष्मीपुरीत मिळतो. लांबनं दिसतंय, नाद खुळा 🔥

सी-००२ काका: लाल-निळी लखलख पोलिसांच्या गाडीला शोभते. उगाच दंड भरशील. शिवाय सारखा उघडझाप करणारा दिवा असला की तू ब्रेक कधी मारलास ते मागच्याला कळतच नाही.

बी-२०२: बरं काका 🙏 मग काय करायचं?

ए-२०४: २०१७ च्या एप्रिलनंतरच्या नव्या गाड्यांना हेडलाईट आपोआप चालूच असतो की. बंद करायचं बटणच नाही.

सी-००२ काका: तिथंच फसतोय आपण. पुढचा उजेड डोळ्यासमोर असतो, म्हणून मागचाही असणार असं धरून चालतो. एस.टी.च्या वर्कशॉपात इलेक्ट्रिकलला आयुष्य गेलं, म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

मोटारीला मागं दोन दिवे. त्या दोघांतलं अंतर वाढत जाताना दिसलं की मागच्याला अंदाज येतो, जवळ आलो. मोटरसायकलला एकच ठिपका. काळोखात तो ५० फुटांवर आहे की २०० फुटांवर, कळत नाही. म्हणून मी माझ्या गाडीला दोन लाल रिफ्लेक्टर पट्ट्या लावल्यात, एक साडी गार्डच्या मागच्या कडेला, दुसरी उजव्या बाजूला, जितक्या लांब जातील तितक्या. आता मागनं गाडीची रुंदी दिसते. पट्टी लालच घ्या. मागं पांढरं चमकलं की लांबनं वाटतं गाडी समोरून येतेय. या पट्टीला ना बॅटरी ना वायर. मागच्या गाडीचा उजेड आला तसा परत त्याच्याच डोळ्यात फेकते. पण चिखल बसला की संपलं, पावसाळ्यात रोज फडका मारायचा.

दुसरं, ब्रेक लाईट. गाडीला त्याचे दोन स्विच असतात, एक पुढच्या लिव्हरला, एक मागच्या पायाला. पायाच्या स्विचला बारीक स्प्रिंग असते. ती ढिली झाली की निम्मा ब्रेक लागला तरी दिवा पेटत नाही. आणि आपल्यातले निम्मे लोक पाय ब्रेकवर टेकवूनच गाडी चालवतात. त्यांचा दिवा शाहूपुरीपासून कळंब्यापर्यंत लालच. मग खरा ब्रेक मारला तरी मागच्याला काय कळणार?

ए-३०१: काका, माझ्याच मेव्हण्याचं वर्णन केलंत.

सी-००२ काका: आणि गिअर टाकून वेग कमी केला की दिवा पेटत नाही, हेही ध्यानात ठेवा. हायवेवर तावडे हॉटेलजवळ वळायच्या आधी मी ब्रेक दोनदा नुसता टेकवतो. गाडी थांबत नाही, दिवा मात्र बोलतो.

ए-१०३: काका LED बल्ब टाकू का मी? जुन्या स्कूटरला.

सेक्रेटरी: ग्रुपवर मराठीत लिहायचं ठरलंय 😄

ए-१०३: एलईडी, एलईडी 🙏

सी-००२ काका: टाक की. साधा बल्ब तापून पूर्ण पेटायला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी घेतो, एलईडी लगेच पेटतो. ताशी ६० च्या वेगात तेवढ्या वेळात मागची गाडी ३ मीटर पुढं येते. पण पांढरा एलईडी लाल काचेमागं फिका गुलाबी दिसतो. लाल घेतलास तर त्याच बल्बवर नंबरप्लेट उजळते ती लाल होईल. आधी काचेच्या खाली पांढरी खिडकी आहे का बघ. असेल तर सरळ जुन्या पद्धतीचाच चांगला बल्ब टाक आणि काच आतनं धुवून घे. निम्म्या स्कूटरांच्या काचेत धूळच असते.

बी-३०३: आपण दिवे लावतोय, पण उसाच्या ट्रॉल्यांना कोण सांगणार? हंगामात अंधारात डोंगरासारख्या उभ्या असतात.

ए-२०४: तो विषय नोव्हेंबरला काढू, तेव्हा ग्रुप पेटतो.

बी-२०१: राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेचं पाणी किती फूट झालं कुणाला माहीत आहे का? भावाचं घर पूररेषेत आहे.

सेक्रेटरी: इशारा पातळी ३९ फूट, अजून खाली आहे. सकाळी आकडा टाकतो. पंप मात्र कुणीतरी सुरूच ठेवलाय, टाकी वाहतेय.

सी-००२ काका: तपासणी सोपी आहे. पार्किंगमध्ये गाडीचं ढुंगण भिंतीकडं करायचं, गाडी सुरू करायची, दिव्याचं बटण असेल तर तेही लावायचं. भिंतीवर लाल पडलं पाहिजे. मग पुढचा ब्रेक, मग मागचा, वेगवेगळे दाबायचे. दोन्ही वेळेला भिंत जास्त लाल झाली तर ठीक. ब्रेक दाबल्यावर उजेड कमी झाला तर अर्थिंग गेलंय, बल्ब बदलून भागणार नाही.

ए-१०३: बघितलो. पुढचा दाबला की काहीच नाही. मागच्याला होतंय.

सी-००२ काका: लिव्हरच्या स्विचमध्ये घाण बसलीय. सकाळी नऊच्या आत ये, नंतर मी देवपूजेला बसतो.

बी-१०४ (चिरंजीव): माझ्या दोन्हीला होतंय काका. पट्ट्या उद्या आणतो, हेल्मेटच्या मागंही एक लावतो.

बी-१०४ वहिनी: रेनकोटचा घोळ मी आत्ताच कापला. वीतभर. खाली इलास्टिक घालतोय.

बी-१०४ (चिरंजीव): आई!! नवा होता तो.

बी-१०४ वहिनी: घरात येऊन बोल. ग्रुपवर नको.