शब्दचर्चा: ‘प्रमाणीकरण’ नेमकं कशाचं?

वडगावकर:
जावा सर्व्हरवरच्या अ‍ॅप्लिकेशनच्या सुरक्षेची पुस्तिका मराठी आणि कन्नड दोन्हीत करायची आहे. मराठी मसुद्यात ऑथेंटिकेशनलाही ‘प्रमाणीकरण’ आणि ऑथोरायझेशनलाही ‘प्रमाणीकरण’ पडलंय. काय घालावं?

निपाणीकर:
एकच शब्द चालणार नाही की. सर्व्हर आधी विचारतो ‘कोण तुम्ही?’, मग ‘हे करायचा हक्क आहे का?’. पहिल्याला ‘ओळख पटवणे’, दुसऱ्याला ‘अधिकार तपासणे’. घोळ इंग्रजीतच आहे म्हणा: सर्व्हर नकार देताना जे कोड पाठवतो, त्यातल्या 401 चं नाव ‘अनऑथोराइज्ड’, पण अर्थ ‘ओळख पटली नाही’. अधिकार नसेल तर 403. लॉगिन होऊनही 403 येत असेल, तर पासवर्ड बदलून काही उपयोग नाही. वेब.एक्सएमएल या अ‍ॅप्लिकेशनच्या सेटिंगच्या फाइलीतला रोल, म्हणजे वापरणाऱ्याची भूमिका, सर्व्हरवरच्या ग्रुपला जोडलाय का, ते बघायचं. ग्लासफिश या जावा सर्व्हरमध्ये ही जोडणी ग्लासफिश-वेब.एक्सएमएलमध्ये असते. दोन्हीला ‘प्रमाणीकरण’ म्हटलं, तर वाचणारा चुकीच्या फाइलीत शोधत बसेल.

खानापूरकर:
‘अधिकार’ बरोबर. ‘परवानगी’ मात्र आपल्याकडं टाळा. कन्नडमध्ये ‘परवानगी’ म्हणजे लायसन्स, ‘चालना परवानगी’ म्हणतात तसं. आपण त्याला परवाना म्हणतो. दुसरा सापळा ‘दृढीकरण’. कन्नडमध्ये तो ऑथेंटिकेशनलाच वापरतात. कन्नड मसुद्यावरून तसाच उचलला, तर मराठी वाचणाऱ्याला वाटेल सर्व्हर भक्कम करायचाय, म्हणजे हार्डनिंग. नको असलेली पोर्टं बंद करणं, ‘चेंजइट’ हा कीस्टोअरचा, म्हणजे सर्व्हरच्या किल्ल्या आणि सर्टिफिकेटं ठेवायच्या फाइलीचा, मूळ पासवर्ड बदलणं, ती कामं वेगळीच.

वडगावकर:
रोलला ‘हुद्दा’? आणि रेल्मला ‘हद्द’?

निपाणीकर:
‘हद्द’ नको हो, इथं सीमाभागात तो शब्द काढला की चर्चा भलतीकडंच जाते! शिवाय रेल्म ही सीमा नव्हेच, वापरकर्त्यांची नोंद जिथं ठेवलीय ती जागा: फाइल, एलडॅप (वापरकर्त्यांची डिरेक्टरी) नाहीतर डेटाबेस. ‘नोंदवही’ जवळचा. हुद्दा सहसा माणसाला एकच असतो, रोल एकाला चार असू शकतात. रोल ‘रोल’च ठेवा.

खानापूरकर:
खरी अडचण ‘बंधन नाही’ या वाक्यात आहे. मसुद्यात ते दोन ठिकाणी दिसेल आणि दोन्हीकडं अर्थ उलटा. वेब.एक्सएमएलमध्ये एखाद्या पत्त्यावर निर्बंध घालायचा टॅग म्हणजे सिक्युरिटी-कन्स्ट्रेंट. त्यात कुठल्या रोलला जाता येईल ते सांगणारा ऑथ-कन्स्ट्रेंट हा टॅगच नसेल, तर त्या पत्त्यावर कुणीही लॉगिनशिवाय जातो. टॅग आहे पण आत एकही रोल नाही, तर कुणालाच जाता येत नाही. पहिलं म्हणजे दाराला कुलूपच नाही, दुसरं म्हणजे कुलूप आहे, किल्ली कुणाकडंच नाही. म्हणून ‘टॅग नसलेला’ आणि ‘टॅग रिकामा’ असंच लिहा.

निपाणीकर:
त्याच्याच जोडीला एचटीटीपी-मेथड, म्हणजे सर्व्हरकडं केलेल्या मागणीचा प्रकार: गेट, पोस्ट, पुट, डिलीट वगैरे. निर्बंधात गेट आणि पोस्ट एवढीच नावं लिहिली, तर त्याच पत्त्यावर पुट आणि डिलीट मोकळे राहतात. मेथडची नावं लिहूच नयेत, म्हणजे निर्बंध सगळ्यांना लागतो. लिहायचीच असतील तर सर्व्हलेट या जावा वेब-मानकाच्या 3.1 आवृत्तीपासून डिनाय-अनकव्हर्ड-एचटीटीपी-मेथड्स हा टॅग आहे, तो घाला. अनकव्हर्डला ‘उघड्या’ म्हणू नका, ‘निर्बंधात न आलेल्या’ म्हणा. लांब होतं, पण चूक होत नाही.

वडगावकर:
आणि कॉन्फिडेन्शियल? मसुद्यात ‘गोपनीय’ आहे.

खानापूरकर:
तिथं ‘गोपनीय’ वाचून माहिती डेटाबेसमध्येही कुलूपबंद आहे असं वाटतं. ट्रान्सपोर्ट-गॅरंटी या टॅगातल्या त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की ये-जा एचटीटीपीएसवरून व्हावी. ‘वाटेवरचं संरक्षण’ लिहा. लॉगिनच्या फॉर्मलाही ते लागतं, नाहीतर फॉर्मच्या जे_पासवर्ड या रकान्यात टाकलेला पासवर्ड उघडाच जातो.