रानबदकं साफ करून फ्रीझरला कशी ठेवायची?

नवाशिकारी: लोकहो, रविवारी पहिल्यांदाच मित्रांबरोबर शिकारीला गेलो (परवाना वगैरे सगळं रीतसर, आधीच सांगतो). पाच रानबदकं नि तीन फेझंट (कोंबडीसारखे रानपक्षी) मिळाले, सगळे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून डिकीत टाकले, घरी पोचायला चार तास लागले आणि साफ करायला घेतलं तर दोन बदकांच्या पोटातून असा काही वास आला की सरळ फेकून दिली. बाकीचे सोलून फ्रीझरमध्ये टाकलेत. चुकलं कुठे? आणि पिसं उपटायची की कातडीसकट सोलायचं?

पाणथळ: चुकलं डिकीतच. जिवंत पक्ष्याचं अंग ४० डिग्रीच्या वर असतं, त्यात पिसं म्हणजे रजईच, वरून प्लॅस्टिक आणि एकावर एक ढीग, मग मधला पक्षी गार होणार कसा? त्यात छर्रा आतड्यात घुसला असेल तर घाण तिथेच पसरते, ती दोन तसलीच असणार. पुढच्या वेळी पक्षी सुटे ठेव, हवा लागू दे, ऊन असेल तर तिथेच पोट साफ कर. शेपटीखाली छोटा काप, दोन बोटं घालून सगळं एकदम बाहेर ओढायचं, पित्ताची पिशवी फोडू नकोस नाहीतर कलेजी कडू झालीच म्हणून समज. गळ्याशी दाण्याची पिशवी असते तीही काढ, नवीन लोक हमखास विसरतात. मग आइसबॉक्स, पण मांस बर्फाच्या पाण्यात तरंगत ठेवू नकोस.

आणि हातमोजे घाल रे. मेलेला किंवा आजारी दिसणारा पक्षी उचलूच नको, बर्ड फ्लू रानबदकांत असतो.

खवय्या७: दाणे खाणाऱ्या धष्टपुष्ट बदकाची कातडी सोलणं म्हणजे पाप आहे 😄 सगळी चव त्या चरबीत. कोरडीच उपट, नाहीतर ६०-६५ डिग्रीच्या पाण्यात मिनिटभर बुडवून मग उपट, उकळतं पाणी घेतलंस तर कातडी फाटते. मासे खाणारं बदक असेल तर मात्र कातडी-चरबी सगळी काढ, नाहीतर घरभर वास. शेपटीच्या बुडाशी तेलाची गाठ असते, ती दोन्ही प्रकारांत कापायची.

पाणथळ: आणि छर्रा शिरलाय तिथे पिसं पण आत ओढली जातात, चिमट्याने काढ, काळं-निळं झालेलं मांस सरळ कापून टाक. शिशाचे छर्रे असतील तर जरा जास्तच काप, शिशाचे बारीक कण आजूबाजूला पसरतात नि ते डोळ्याला दिसत नाहीत.

नवाशिकारी: धन्यवाद! मग जे सोललेले आत आहेत त्यांचं काय? नुसत्या साध्या पिशवीत आहेत.

खवय्या७: कातडी नाही म्हणजे मांस उघडं, कडा पांढरट कोरड्या पडणार. व्हॅक्यूमचं मशीन असेल तर उत्तम, नसेल तर झिपच्या पिशवीत मांस बुडेल इतकं पाणी भरून हवा काढून गोठव, हवाच लागत नाही. उणे १८ ला सहा महिने तरी चव टिकते. बाहेर काढशील तेव्हा ओट्यावर नाही, आदल्या रात्री खालच्या फ्रिजमध्ये ठेव. रक्ताचा वास नको असेल तर तेव्हाच मिठाच्या पाण्यात ठेवलंस तरी चालेल.

पिशवीवर तारीख आणि पक्षी कोणता ते लिही. मी एकदा बदक समजून पाहुण्यांना कूट नावाचा काळा पाणपक्षी वाढलाय, अजून ऐकून घेतोय.