शिडाच्या बोटीने गोव्याला जाताना विजयदुर्गाला अर्धा दिवस थांबतोय, काय काय बघू?

दांडियाबाजारकर: बडोदेकर मंडळी, जरा मदत हवीय. डिसेंबरात मुंबईहून गोव्याला शिडाच्या बोटीने जातोय, मेहुण्याच्या मित्राची बोट आहे, विजयदुर्गाला नांगर टाकून सकाळपासून दुपारपर्यंत थांबायचं ठरलंय. पावागड-चांपानेर सोडून मी किल्ले फारसे पाहिलेले नाहीत, पण सोबत लेक आहे आणि तिला इतिहासाचं भारी वेड. तेवढ्यात किल्ला नीट बघून होतो का?

देवगडची_लेक: होतो की! माझं माहेर तिकडचंच. एकच सांगते, उतरायची घाई करू नका, आधी पाण्यातूनच किल्ला नीट बघा. एकामागे एक तीन तटबंद्या दिसतात पण दरवाजा कुठाय ते काही दिसत नाही, तो बुरुजांच्या आड वळवून घेतलाय, गोमुखी म्हणतात तसा. लेकीला आधी शोधायला लावा. मग धक्क्यावर उतरलात की दारातला मारुती, आत खलबतखाना, दारूकोठार, आणि समुद्राकडच्या तटावर तोफगोळ्यांचे खड्डे अजून आहेत, हात घालून बघता येतात. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचं आरमार समुद्रातून आलं आणि पेशव्यांची फौज जमिनीवरून, दोघं मिळून तुळाजी आंग्र्यांवर, तेव्हा किल्ला त्यांच्याच ताब्यात होता. आंग्र्यांच्या एका जहाजाला आग लागली नि बघता बघता सगळं आरमार जळालं. आपल्याच माणसांनी इंग्रजांना हाताशी धरून हे केलं, त्या तटावर उभं राहिलं की मला अजून वाईट वाटतं.

शिडवाला_मांजलपूर: खाडीचं तोंड आडोशाचं आहे, नांगराला उत्तम जागा. पण त्या दिवसांत दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो, तेव्हा छोट्या होडीने धक्क्यावर ये-जा करताना पाणी अंगावर येतं, लेकरू सोबत असेल तर सकाळीच उतरा. आणि किल्ल्याजवळ पाण्याखाली जुनी भिंत आहे, तिथून बोट लांबून न्या, शक्यतो गावातला कोणी खलाशी सोबत घ्या.

दांडियाबाजारकर: वा, दरवाजा शोधायचं लेकीला आत्ताच सांगितलं, नकाशा काढून बसलीय! तासभर उरला तर अजून काय?

देवगडची_लेक: मग वाघोटन खाडीत थोडं आत गिर्येला जा, आंग्र्यांची गोदी आहे. कातळ खोदून केलेली, गलबतं दुरुस्तीला तिथे घ्यायचे. लोक किल्ला बघून परत फिरतात आणि हीच राहते. बोटीने येणाऱ्याने तर ती चुकवूच नये, भरतीच्या वेळा विचारून जा.

बिलिमोऱ्याचा_नातू: लेकीला हेही सांगा की आपल्या गायकवाडांचंही आरमार होतं, बिलिमोऱ्याला. बडोद्यातल्या मुलांना हे कोणी सांगतच नाही. आणि किल्ल्यात साहेबाचे ओटे विचारा, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे, हेलियमचा शोध त्याच ग्रहणापासून सुरू झाला.