हळदीकुंकवाच्या वाणासाठी ६० हातछपाईचे बुकमार्क : शाई पसरते, भोक फाटतं

मंगळवारपेठकर

नमस्कार मंडळी. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्या-वाट्यांऐवजी हाताने छापलेले बुकमार्क लुटायचं ठरवलंय. ६० नग हवेत. खोडरबर कोरून दोन ठसे केलेत, एक कोल्हापुरी चप्पल आणि एक अख्खा साज (गळ्यातला कोल्हापुरी दागिना). वरच्या बाजूला भोक पाडून त्यात साटीनची फीत.

नमुन्याचे दहा करून बघितले. कागद ड्रॉइंगच्या वहीतला, शाई ऑफिसच्या जांभळ्या स्टॅम्पपॅडची. रेघांना केस फुटल्यासारखी शाई पसरते आणि साजाचा तर नुसता डाग उठतो. दोन दिवसांनी पुस्तक उघडलं तर समोरच्या पानावर फिकट जांभळी चप्पल उमटलेली. फीत दोन-तीनदा ओढली की भोकाच्या वरची कड फाटते.

येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी इथल्या, कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरातून पुस्तकं आणतात. ग्रंथालयाच्या पुस्तकाला डाग लागलेला मुळीच चालणार नाही. कागद, शाई, ठसा, फीत यातलं नेमकं काय बदलू? हाताशी कटर, स्टीलची पट्टी आणि एका भोकाचा पंच एवढंच आहे.

कागदकात्री

ताई, फीत सोडली तर तुमच्या बाकीच्या अडचणींचं मूळ कागद आणि शाईच्या जोडीत आहे. आधी तेवढंच बदला, मग ठशाकडे वळा.

ऑफिसच्या पॅडमधली शाई म्हणजे विरघळलेला रंग, आणि पॅड महिनोन्‌महिने ओलं राहावं म्हणून त्यात ग्लिसरीन किंवा ग्लायकॉल घातलेलं असतं. ही शाई खऱ्या अर्थाने वाळत नाही, ती कागदात मुरते. कागद सैल असला की तंतूंच्या वाटेने पळते, तेच तुम्हाला दिसणारे केस. जी मुरत नाही ती वरच ओलसर राहते आणि पुस्तक मिटलं की समोरच्या पानावर उतरते. शिवाय हा जांभळा रंग उजेडात लवकर उडतो. पावतीवर मारायला ती शाई ठीक, पुस्तकात ठेवायच्या वस्तूवर नको.

पिगमेंट शाईचं पॅड आणा, लेबलवर 'पिगमेंट' हा शब्द बघूनच. यात रंगाचे न विरघळणारे बारीक कण असतात, ते कागदाच्या अंगावर बसतात. त्यामुळे रेघ जिथली तिथे राहते आणि वाळल्यावर पाण्याचा थेंब पडला तरी पसरत नाही. हळदीकुंकवात हे फार महत्त्वाचं, कारण गुलाबदाणी फिरतेच.

कागदासाठी एक चाचणी. कागदावर पाण्याचा एक थेंब ठेवून साठ आकडे मोजा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर कागदाला कांजी चांगली आहे. पाच-दहा आकड्यांत तो पसरला आणि कागद मागून ओला दिसू लागला, तर त्यावर कुठलीच शाई नीट बसणार नाही. थेंब उभा राहतो पण कागद चकचकीत आहे, म्हणजे आर्ट कार्डासारखा, तर तोही सोडा. पिगमेंट शाई त्यावर दोन-दोन दिवस ओली राहते आणि बोट लागलं की पुसते.

२५० ते ३०० जीएसएमचं (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) बिनचकाकीचं आयव्हरी किंवा कार्डशीट घ्या. २०० च्या खाली गेलात तर फीत ओढल्यावर कागद वाकतो, ३५० च्या वर गेलात तर पुस्तकाच्या शिवणीवर ताण येतो. हातकागद दिसायला देखणा, पण खरखरीत असला तर बारीक रेघ तुटक उठते. घ्यायचाच असेल तर दाबून गुळगुळीत केलेला घ्या.

माप ५ × १४.५ सेंमी ठेवा. ए-फोरमधून आडवे चार आणि उभे दोन असे आठ निघतात, कडेचा थोडाच कागद जातो. ६० साठी आठ कागद पुरतात, पण बिघडणारे धरून दहा कापा.

कापण्याआधी कागदाचा धागा, म्हणजे तंतूंची दिशा, बघा. चौकोनी तुकडा हलकेच एकदा उभा, एकदा आडवा वाकवायचा. ज्या बाजूने सहज वाकतो, त्या घडीच्या रेषेत धागा असतो. बुकमार्कची लांबी धाग्याच्या रेषेत यायला हवी. आडवा कापलात तर तो लांबीत लिबलिबीत होतो आणि पावसाळ्यात केळीच्या पानासारखा कमानतो. कटर एका दमात दाबून ओढू नका, हलक्या हाताने तीन वेळा फिरवा. नवं पातं असू द्या, बोथट पात्याने कडेला लव उठते.

ठसेकरी

आता ठसा. चप्पल जमेल, अख्खा साज जमणार नाही. साजात जवाच्या आकाराचे मणी आणि मधूनमधून पानं, म्हणजे वेगवेगळ्या आकारांची पदकं, असतात. ते सगळं चार सेंटीमीटरच्या रबरात बसवायला गेलात तर दोन मण्यांमधली खाच अर्ध्या मिलीमीटरची होते आणि पहिल्या छापातच शाईने बुजते. साजातलं एकच पान घ्या. मासा, कासव नाहीतर चंद्र. दोन सेंटीमीटरचा मासा, त्यावर खवल्यांच्या पाच-सहा चिरा, एवढ्यावर कोल्हापूरची बाई साज ओळखते. चपलेतही वेणी पूर्ण कोरू नका. दोन्ही बाजूंचे कान, अंगठा आणि मधल्या पट्ट्यावर तीन तिरक्या रेघा पुरे. रेघ आणि खाच दोन्ही किमान एक मिलीमीटर, हा नियम सोडू नका.

नक्षी ट्रेसिंग पेपरवर ४बी पेन्सिलने काढा, कागद उलटा करून रबरावर ठेवा आणि चमच्याच्या पाठीने घासा. चित्र उलटं उतरतं, म्हणजे छाप सुलट येतो. कोरताना पातं रेघेपासून बाहेरच्या बाजूला कललेलं हवं, रेघेचा पाया वरच्यापेक्षा रुंद राहील असं. आतल्या बाजूला कललेलं पातं गेलं तर रेघेखालचं रबर पोखरलं जातं आणि विसाव्या-तिसाव्या छापाला रेघ मान मोडल्यासारखी आडवी होते. साठ छाप काढायचे असले की हे हमखास घडतं. वळणावर हात फिरवू नका, रबर फिरवा. खोली दोन मिलीमीटर भरपूर झाली. मोकळ्या भागातलं रबर मात्र सगळं काढून टाका, नाहीतर त्याच्या कडा पार्श्वभूमीला उमटतात.

नवं रबर शाई झटकतं, छापात पांढरे ठिपके दिसतात. ४०० नंबरच्या सँडपेपरवर ठसा दोन-तीनदा अगदी हलका फिरवा, साबणाच्या पाण्याने धुवा, पुसून वाळवा. मागे लाकडी ठोकळा चिकटवला की दाब सगळीकडे सारखा पडतो.

छापताना पॅड टेबलावर ठेवून त्यावर ठसा आपटू नका. ठसा उताणा हातात धरा आणि पॅडच त्यावर टिपत फिरवा. दाबलं की शाई खाचांत शिरते, टिपलं की फक्त रेघांवर बसते. कागदाखाली जुना माउसपॅड किंवा दहा-बारा वर्तमानपत्रांची गादी ठेवा. ठसा सरळ खाली, मनात दोन मोजेपर्यंत दाब, सरळ वर. डोलवायचा नाही, डोलवला की कडेची सावली उठते. दर आठ-दहा छापांनंतर ओल्या फडक्याने ठसा पुसा. थिनर, रॉकेल लावू नका, रबर चिकट होतं.

सगळे छाप एकाच जागी यावेत म्हणून जाड पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या काटकोनात चिकटवून कोपरा करा. कागद कोपऱ्यात सरकवा, ठोकळ्याची कड पट्टीवरच्या खुणेला लावा, छापा.

'तिळगूळ घ्या, गोड बोला' अशी अक्षरं हवी असतील तर ती खोडरबरावर कोरत बसू नका. अनुस्वार तुटतो, वेलांटीचं पोट भरतं. शिक्के करणाऱ्याकडून पॉलिमरचा ठसा करून घ्या, अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको. आत शाई भरलेला आपोआप छापणारा शिक्का मागू नका, त्यात पुन्हा तीच ऑफिसची शाई येते. साधा मुठीचा सांगा.

आणखी एक. कोरलेलं खोडरबर प्लॅस्टिकच्या डबीत ठेवू नका. विनाइलचं रबर काही दिवसांत प्लॅस्टिकला चिकटून वितळल्यासारखं होतं. कागदात गुंडाळून ठेवा, पुढच्या वर्षी कामी येईल.

फीतगाठ

भोक फाटतं कारण ते कडेच्या फार जवळ आहे. वरच्या कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंत १२ मिमी अंतर ठेवा. साध्या पंचाचं भोक साडेपाच-सहा मिलीमीटरचं असतं, म्हणजे वर नऊ मिलीमीटर कागद उरतो. तोच ओढ सहन करतो. भोकाच्या जागी मागून त्याच कागदाची दीड सेंटीमीटरची गोल टिकली चिकटवा, मग दोन्ही थरांतून एकदम पंच मारा. टिकलीला पातळ गोंद लावू नका, पाण्याने कागद फुगतो. ग्लू स्टिक बरी, आणि वर एक जाड पुस्तक तासभर.

साठ पंच मारून हात भरून येतो. चामड्याला भोकं पाडायचा पोकळ पंच मिळाला तर एकावर एक पाच कागद रचून, खाली लाकडाचा ठोकळा घेऊन एका ठोक्यात काम होतं. कडाही स्वच्छ निघतात. चप्पल लाइनीत कोणाला विचारलंत तर तसला पंच कुठे मिळतो ते सांगतील.

फीत ६ मिमीची, दोन्ही बाजूंनी चमक असलेली साटीन. एकाच बाजूची घेतली तर गाठीपाशी उलटी बाजू दिसते. प्रत्येकी २५ सेंमी, म्हणजे ६० ला १५ मीटर, वाया जाणारी धरून १७ घ्या. दुमडून मधला फास समोरून भोकात घाला, दोन्ही टोकं त्या फासातून काढा आणि कागद बोटांत धरून सावकाश ओढा. ही गाठ चपटी बसते. साधी गाठ मारू नका, तिचा खडा होतो आणि पानांवर खळगा पडतो. मणी, लटकन, गोंडा लावायचाच असेल तर फितीच्या अगदी टोकाला, पुस्तकाच्या बाहेर राहील असा.

टोक तिरकं कापा. पॉलिस्टरची फीत असेल तर ते मेणबत्तीच्या ज्योतीच्या बुडाशी, निळ्या भागाशेजारी, एक सेकंद धरा. ज्योतीच्या पिवळ्या शेंड्यावर धरलंत तर काजळी बसते. सुती फीत वितळत नाही, ती जळते. तिच्या टोकाला ग्लू स्टिक चोळून वाळू द्या.

रंग उतरतो का ते आधी बघा. ओला पांढरा रुमाल फितीवर दहा वेळा घासा. लाल आणि गर्द गुलाबी फिती सगळ्यात जास्त दगा देतात. संक्रांत आहे, काळी चंद्रकळा नेसायचा सण, तेव्हा काळी फीत बिनधास्त घ्या. पांढऱ्या कागदावर तपकिरी चप्पल आणि काळी फीत फार सुरेख दिसते. एरवीच्या हळदीकुंकवाला ती चालली नसती.

प्रेसलाइन

वरच्या सगळ्याशी सहमत, फक्त टिकलीऐवजी ॲल्युमिनियमची आयलेट (भोकात ठोकून बसवायची धातूची कडी) सुचवतो. भोक कधीच फाटत नाही आणि काम नेटकं दिसतं. लोखंडावर मुलामा दिलेली घेऊ नका, आपल्याकडच्या पावसाळ्यात गंजून कागदावर तांबडं वर्तुळ पडतं.

फीतगाठ

आयलेट भोक वाचवते हे खरं, पण तिची कड दोन्ही बाजूंनी उंच राहते. पुस्तक कपाटात दाबून ठेवलं की पाच-सहा पानांवर गोल ठसा उठतो, तो जात नाही. ताईंच्या मैत्रिणी ग्रंथालयाची पुस्तकं वाचणाऱ्या आहेत. तिथे कागदाची टिकलीच योग्य.

मंगळवारपेठकर

सगळ्यांचे मनापासून आभार. थेंबाची चाचणी केली. ड्रॉइंगच्या कागदावर सहा आकड्यांत थेंब गायब, ३०० च्या आयव्हरीवर साठपर्यंत उभा. साजाऐवजी मासा घेते. आणखी दोन शंका. छापल्यावर गच्चीवर उन्हात वाळत घातले तर चालतील का? आणि चकचकीत उठावासाठी एम्बॉसिंग पावडर लावू का?

कागदकात्री

गच्चीवर नको. जानेवारीत साखर कारखाने आणि गुऱ्हाळं ऐन जोरात असतात, वाऱ्याबरोबर राखेचे काळे कण उडत येतात आणि ओल्या शाईवर बसले की निघत नाहीत. घरात, पंखा बंद ठेवून, वर्तमानपत्रावर एकेक सुटा पसरा. तासाभराने हात लावता येतो, पण एकावर एक रचायला पूर्ण २४ तास जाऊ द्या. मग पांढरं सुती फडकं छापावर जोर लावून घासा. फडक्याला रंग लागला तर आणखी एक दिवस. रचताना मध्ये बटर पेपर.

एम्बॉसिंग पावडर बुकमार्कला नकोच. ती वितळायला हीट गन लागते, केसांच्या ड्रायरची उष्णता पुरत नाही आणि त्याचा झोत पावडर उडवून लावतो. नीट वितळली तरी तो राळेचा उंच थर असतो. बंद पुस्तकात दाबाखाली, एप्रिल-मेच्या उकाड्यात, तो पानाला चिकटू शकतो. शुभेच्छापत्रावर खुशाल वापरा.

क्रम असा ठेवा : कापणं, छापणं, वाळवणं, खराब झालेले बाजूला काढणं, मग टिकली, पंच आणि शेवटी फीत. आधी पंच मारून ठेवलेत तर बिघडलेल्या छापांवरची मेहनत फुकट जाते.

ठसेकरी

देताना एक सांभाळा. हळदीच्या बोटाचा डाग कागदावरून जात नाही आणि अत्तराचं बोट लागलं तर तेवढाच भाग कायमचा तेलकट, पारदर्शक होतो. प्रत्येक बुकमार्कला बटर पेपरची ६ × १६ सेंमीची पिशवी करा, वरून फीत बाहेर राहील अशी. हळदकुंकू, अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ सगळं आटोपलं की वाण शेवटी हातात द्या, आणि पिशवीतच द्या.